नोंदवही आणि जुनी आवृत्ती : संगणक-जाळ्यातील यंत्रगणनेचा एक इतिहास

प्रास्ताविक

महाविद्यालयात काम करणाऱ्या प्रत्येकाला डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजेच जडवस्तू संग्रह नोंदवही, परिचयाची असते. वर्षअखेरीस पडताळणी समिती येते, टेबल-खुर्च्या, सूक्ष्मदर्शक, संगणक मोजले जातात, क्रमांक ताडून पाहिले जातात आणि जी वस्तू निरुपयोगी ठरते तिचे रीतसर निर्लेखन केले जाते. या साऱ्या व्यवस्थेत एक तत्त्व गृहीत धरलेले असते. वस्तू निरुपयोगी झाली की नाही, हे तिचा मालक ठरवतो. खुर्ची बनवणारा कारखाना बंद पडला म्हणून खुर्चीचे नाव नोंदवहीतून आपोआप पुसले जात नाही.

संगणक-जाळ्यातील यंत्रांची मोजदाद करणारे सॉफ्टवेअर, ज्याला व्यवहारात नेटवर्क इन्व्हेंटरी सॉफ्टवेअर म्हणतात, ही त्याच नोंदवहीची यांत्रिक बहीण होय. ते जाळ्यावरील प्रत्येक यंत्राला विचारते : तू कोण, तुझा प्रोसेसर कोणता, स्मृती किती, तुझ्यावर कोणती सॉफ्टवेअर बसवलेली आहेत आणि कोणत्या आवृत्तीची? मात्र येथे ते गृहीत तत्त्व टिकत नाही. मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जुन्या यंत्राशी बोलू शकली नाही, तर ते यंत्र नोंदीतून नाहीसे होते. निर्लेखन घडते, पण ते मालकाने केलेले नसते. त्यावर कोणाची सहीही नसते.

म्हणूनच अनेक संस्थांत अशा सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती मुद्दाम शोधून बसवली जाते. या प्रथेकडे सहसा आळस किंवा निधीचा तुटवडा म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या प्रथेचा उगम ऐतिहासिक क्रमाने तपासला आहे. जुन्या आवृत्तीचा आग्रह मुळात नोंदीच्या पूर्णत्वाचा आग्रह आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अर्थात या आग्रहाची किंमतही मोजावी लागते, आणि ती लहान नाही.

यजमानांची यादी आणि १ जानेवारी १९८३

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावरून पहिला संदेश कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे गेला. पुढे जाळे वाढू लागले तसे त्यावर कोणकोणती यंत्रे आहेत हे एके ठिकाणी नोंदवणे आवश्यक झाले. ही जबाबदारी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील नेटवर्क माहिती केंद्राकडे होती. एलिझाबेथ फाइनलर १९७२ मध्ये या कामात आल्या आणि १९८९ पर्यंत त्यांनी या केंद्राचा कारभार पाहिला. जाळ्यावरील यंत्राला यजमान म्हणत. यजमानांची नावे आणि पत्ते एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहिलेले असत. तिचे नाव ‘होस्ट्स डॉट टीएक्सटी’. नवे यंत्र जोडले की त्याची माहिती केंद्राला कळवायची, केंद्राने यादी सुधारायची आणि इतरांनी ती उतरवून घ्यायची, अशी ही रीत होती. तिची रचना आपल्या नोंदवहीहून फारशी निराळी नव्हती.

या यादीची खरी परीक्षा एका स्थित्यंतराच्या वेळी झाली. अर्पानेटवरील यंत्रे आरंभी एनसीपी नावाच्या संवाद-नियमांनी बोलत. त्याऐवजी टीसीपी/आयपी हे नवे नियम आणायचे ठरले. जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये आरएफसी ८०१ या दस्तऐवजात स्थित्यंतराची योजना मांडली. १९८२ हे वर्ष तयारीचे; त्या काळात दोन्ही नियम चालतील, मधे दुभाष्याचे काम करणारी काही यंत्रे असतील; आणि १ जानेवारी १९८३ रोजी एनसीपी बंद होईल. जुन्या आवृत्तीला ठरावीक दिवशी संपूर्ण जाळ्यावरून निरोप देण्याचा हा प्रसंग नेटवर्कच्या इतिहासात विरळा आहे.

परंतु कोण तयार आहे आणि कोण नाही, हे कळणार कसे? येथे इतिहासाचे लक्ष फारसे न गेलेली एक घटना नोंदवणे आवश्यक वाटते. डिसेंबर १९८२ मध्ये डेव्हिड स्मॉलबर्ग यांनी एक पाहणी सुरू केली. ‘टीसीपी कोण बोलते?’ अशा अर्थाचे तिचे शीर्षक होते आणि ती आरएफसी ८३२ म्हणून प्रसिद्ध झाली. माहिती केंद्राची २ डिसेंबर १९८२ ची यादी घेऊन त्यातील यजमानांशी टीसीपीच्या आधारे संपर्क साधण्याचा प्रयत्न केला गेला. दूरस्थ प्रवेश, फाइलींची देवाणघेवाण आणि टपाल या तीन सेवा नव्या नियमांनी चालतात की नाही, हे पाहिले गेले. पुढील काही आठवडे ही पाहणी पुन्हा पुन्हा झाली आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये आरएफसी ८४७ या दस्तऐवजात तिचा गोषवारा देण्यात आला. यंत्राने यंत्रांची केलेली ही आवृत्तीनिहाय शिरगणतीच होती.

या पाहणीतील एक बारकावा सहज नजरेतून निसटतो. स्मॉलबर्ग यांचा कार्यक्रम फक्त नवी भाषा बोलत होता. तरीही जुनी भाषा बोलणारे यंत्र त्यांच्या तक्त्यातून गळले नाही, कारण त्याचे नाव यादीत आधीच होते. ते गप्प राहिले, आणि ते गप्प राहिल्याची नोंद झाली. यादी आणि विचारणा या दोन गोष्टी वेगळ्या होत्या म्हणूनच मौनाला अर्थ मिळाला.

ही सोय फार काळ टिकली नाही. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी आरएफसी ८८२ व ८८३ द्वारे डोमेन नाम प्रणाली मांडली. वाढत्या जाळ्याला एक मध्यवर्ती फाइल पुरणार नव्हती, त्यामुळे हा बदल अपरिहार्य होता. नव्या प्रणालीत प्रत्येक संस्था आपापल्या भागाची नोंद स्वतः ठेवू लागली आणि सगळ्यांची एकच यादी कोणाकडेच उरली नाही. तेव्हापासून आपल्या जाळ्यावर काय आहे हे जाणण्याचा मुख्य मार्ग विचारणे हाच राहिला. जे उत्तर देईल तेच अस्तित्वात आहे, असे मानण्याची सवय येथून लागली. त्यामुळे विचारणाऱ्याची भाषा कोणती, हा प्रश्न एकाएकी निर्णायक झाला.

एकाच प्रश्नाच्या तीन भाषा

ऑगस्ट १९८८ मध्ये आरएफसी १०६७ द्वारे एसएनएमपी हे व्यवस्थापनाचे नियम मांडले गेले. मे १९९० मध्ये आरएफसी ११५७ ने त्यांना स्थिर रूप दिले. नावातच साधेपणा होता आणि तोच यशाचे कारण ठरला. राउटर, स्विच, पुढे छपाईयंत्रे, अशा असंख्य उपकरणांत या नियमांनी उत्तर देणारा छोटासा कार्यक्रम बसवला गेला. उपकरणाला त्याचे वर्णन विचारले की ते एका ओळीत आपली जात, नाव आणि बहुधा सॉफ्टवेअरची आवृत्ती सांगते. मात्र या पहिल्या आवृत्तीत सुरक्षा जवळजवळ नव्हतीच. ‘कम्युनिटी’ नावाचा एक शब्द परवलीसारखा वापरला जाई. तो जाळ्यावरून उघडा जात असे आणि पुष्कळ उपकरणांत तो कारखान्यातूनच ‘पब्लिक’ असा येत असे.

१९९३ मध्ये दुसरी आवृत्ती आली. तिची सुरक्षारचना इतकी गुंतागुंतीची होती की ती रुजली नाही. १९९६ मध्ये जुन्याच उघड्या शब्दावर चालणारा तिचा सोपा अवतार पुढे आला आणि तोच लोकप्रिय झाला. डिसेंबर २००२ मध्ये तिसऱ्या आवृत्तीने खरी ओळख-पडताळणी आणि गुप्तलेखन आणले. पहिल्या आवृत्तीचा दस्तऐवज ‘ऐतिहासिक’ या वर्गात टाकण्यात आला. दस्तऐवज ऐतिहासिक झाला, पण उपकरणे झाली नाहीत. म्हणूनच ऑगस्ट २००३ मध्ये तिन्ही आवृत्त्यांनी एकत्र कसे नांदावे हे सांगणारा आरएफसी ३५८४ काढावा लागला. इतिहासाच्या अभ्यासकाला ही विसंगती बोलकी वाटावी : निर्लेखनाचा ठराव आणि सहजीवनाचे नियम जवळपास एकाच वेळी निघाले.

एखाद्या संस्थेने ‘यापुढे केवळ तिसरी आवृत्ती’ असे धोरण स्वीकारले तर तिचे नेटवर्क अधिक सुरक्षित दिसेल. पण ग्रंथालयातील जुने छपाईयंत्र व वसतिगृहातील जुना स्विच अहवालातून जाईल. तो भिंतीवरून मात्र जाणार नाही.

एजंटाची जुनी आवृत्ती

टेबलावरच्या संगणकांची मोजणी नव्वदच्या दशकात स्वतंत्र व्यवसाय झाली. मायक्रोसॉफ्टचे सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर हे सॉफ्टवेअर १९९४ मध्ये आले. सन २००० च्या तारीखदोषाने या प्रकारच्या सॉफ्टवेअरचे महत्त्व व्यवस्थापनाच्या खोलीपर्यंत पोहोचवले. कोणते यंत्र दोन अंकी वर्ष मोजते हे शोधण्यासाठी आधी यंत्रे सापडणे भाग होते.

या सॉफ्टवेअरची रचना साधारणतः दुहेरी असते. प्रत्येक संगणकावर ‘एजंट’ नावाचा छोटा कार्यक्रम बसतो. तो माहिती गोळा करून मध्यवर्ती सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हर अद्ययावत करणे सोपे, कारण तो एकच असतो. एजंट मात्र यजमान-यंत्राच्या कार्यप्रणालीवर अवलंबून असतो, आणि सुसंगततेचा प्रश्न नेमका तेथे उद्भवतो. सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हरच्या २००३ च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने स्वतःच दोन एजंट दिले होते : विंडोज २००० व त्यापुढील प्रणालींसाठी प्रगत, आणि विंडोज ९८ व एनटी ४ साठी वारसा म्हणून ठेवलेला. कंपनीने जुन्या यंत्रांचे अस्तित्व मान्य केल्याचा हा पुरावा होय.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ओसीएस इन्व्हेंटरी एनजी आणि जीएलपीआय ही फ्रान्समध्ये जन्मलेली दोन नावे महत्त्वाची आहेत. ओसीएसच्या पहिल्या पिढीतील एजंट विंडोज ९५ व ९८ वरही चालत असे. दुसऱ्या पिढीत ते पाठबळ राहिले नाही. पण एजंट आपली माहिती एक्सएमएल या मजकूर-स्वरूपात, संकुचित करून, वेबच्या साध्या नियमांनी पाठवत असल्यामुळे नव्या सर्व्हरला जुन्या एजंटाचे पत्र वाचता येणे शक्य होते. जीएलपीआयने एप्रिल २०२२ मधील दहाव्या आवृत्तीत यंत्रगणना स्वतःच्या अंगात घेतली आणि त्यासाठी जेसॉन हे नवे स्वरूप निवडले. मात्र जुन्या फ्यूजनइन्व्हेंटरी एजंटाकडून येणारे एक्सएमएल रूपांतरित करून घेण्याची सोयही ठेवली. हा निर्णय समंजसपणाचा होता असे म्हटले पाहिजे. निर्लेखन जेथे टाळता येत होते तेथे ते टाळले गेले.

नवा एजंट जुन्या यंत्रावर का चालत नाही, याचे उत्तर नेहमीच निर्मात्याच्या इच्छेत नसते. कार्यक्रम ज्या हत्यारांनी घडतो ती हत्यारेच पुढे सरकतात. पायथन भाषेच्या सप्टेंबर २०१५ मधील ३.५ या आवृत्तीने विंडोज एक्सपीचे पाठबळ सोडले. गो भाषेने ते ऑगस्ट २०१८ मधील १.११ मध्ये सोडले. या भाषांच्या नव्या आवृत्तीत एजंट लिहिणाऱ्याने एक्सपीविषयी काही ठरवलेले नसते. त्याच्या वतीने ते आधीच ठरलेले असते. शिवाय संवादाचे गुप्तलेखन आहे. विंडोज एक्सपीची अंगभूत व्यवस्था १९९९ मध्ये प्रमाणित झालेल्या टीएलएस १.० च्या पुढे जात नाही, आणि मार्च २०२१ मध्ये आरएफसी ८९९६ ने टीएलएस १.० व १.१ दोन्ही त्याज्य ठरवले. म्हणजे जुना एजंट यंत्रावर उत्तम चालतो, माहितीही गोळा करतो, पण नव्या सर्व्हरच्या दारातून त्याला आत घेतले जात नाही.

व्यवहारात येथे दोन चुका होताना दिसतात. पहिली चूक म्हणजे जुन्या चार यंत्रांसाठी सर्व्हरचे दार पुन्हा टीएलएस १.० ला उघडणे; त्यामुळे उरलेल्या सगळ्यांची सुरक्षा चार यंत्रांच्या पातळीवर येते. दुसरी अधिक गंभीर. एजंटाऐवजी सर्व्हरच जुन्या आवृत्तीचा ठेवला जातो. ‘जुनी आवृत्ती बसवा’ हा सल्ला घाईने घेणारे हा भेद लक्षात घेत नाहीत. जुना एजंट एका यंत्रापुरता असतो. जुना सर्व्हर संपूर्ण संस्थेची यादी पोटात घेऊन वेबवर उभा असतो. जीएलपीआयमधील सीव्हीई-२०२२-३५९१४ हा दोष याचे उत्तम उदाहरण आहे. सोबत जोडलेल्या एका ग्रंथालयातील चाचणी-फाइल सर्व्हरवर तशीच राहिल्यामुळे बाहेरच्या व्यक्तीला त्यावर हवी ती आज्ञा चालवता येत होती. सप्टेंबर २०२२ मध्ये तो दुरुस्त झाला. घराची किल्ली कोठे ठेवली आहे ती वहीच चोराच्या हाती लागण्यासारखा हा प्रकार होता.

याहून सौम्य उपाय उपलब्ध आहेत. जुन्या यंत्राला जाळ्याच्या वेगळ्या कप्प्यात ठेवून मधे दुभाष्या बसवता येतो. १९८२ च्या योजनेतील कल्पनेचेच हे रूप. किंवा एजंट जाळ्याशिवाय चालवून त्याने तयार केलेली फाइल हाताने सर्व्हरवर चढवता येते. ओसीएसमध्ये अशी सोय आहे. रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत महागड्या उपकरणाला जोडलेला आणि ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी मिरवणारा संगणक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही पद्धत पुरेशी आहे हे पटेल. त्या संगणकाची कार्यप्रणाली बदलली तर उपकरणाचे सॉफ्टवेअर चालत नाही, आणि नवे उपकरण घेणे शक्य नसते. त्याला जाळ्यावर आणण्याची गरज नाही. त्याला यादीत आणण्याची आहे.

यादीबाहेरचे यंत्र

यादी अपुरी राहिल्यास काय होते, हे १२ मे २०१७ रोजी दिसले. वॉनाक्राय हा खंडणीखोर कार्यक्रम त्या दिवशी जगभर पसरला. त्याने विंडोजमधील फाइल-वाटपाच्या एसएमबी १ या जुन्या नियमांतील दोषाचा फायदा घेतला. मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील २३६ पैकी किमान ८१ रुग्णालय-न्यासांना फटका बसला. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०१७ च्या अहवालात रद्द झाल्याचे निश्चित आढळलेल्या ६,९१२ भेटींचा उल्लेख केला आणि प्रत्यक्ष संख्या याहून बरीच मोठी असल्याचा अंदाज दिला.

या घटनेचा दोष सर्रास विंडोज एक्सपीवर टाकला जातो. ते पुराव्याला धरून नाही. बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य विंडोज ७ ची होती, म्हणजे पाठबळ असलेली, पण दुरुस्ती न बसवलेली. अहवालातील अधिक महत्त्वाचे निरीक्षण निराळे आहे. मार्च व एप्रिलमध्ये रुग्णालयांना दुरुस्ती बसवण्याच्या सूचना गेल्या होत्या. त्या पाळल्या गेल्या की नाही हे तपासण्याची औपचारिक यंत्रणा आरोग्य विभागाकडे नव्हती. स्मॉलबर्ग यांच्याकडे होती ती गोष्ट, म्हणजे कोण गप्प आहे हे दाखवणारा तक्ता, येथे नव्हता. दुसरीकडे, ज्या एक्सपीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपले होते तिच्यासाठीही मायक्रोसॉफ्टला या हल्ल्यानंतर दुरुस्ती खुली करावी लागली. उत्पादकाने केलेले निर्लेखन उत्पादकालाच तात्पुरते मागे घ्यावे लागल्याचे हे ठळक उदाहरण.

डिसेंबर २०२१ मधील लॉगफोरजे प्रकरणाने प्रश्न आणखी खोल नेला. जावा भाषेतील कार्यक्रम आपल्या घडामोडींची नोंद ठेवण्यासाठी हा घटक वापरतात. त्यातील दोष ९ डिसेंबर २०२१ च्या सुमारास उघड झाला. दोष २.० च्या चाचणी-आवृत्तीपासून २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्यांत होता. पाठबळ २०१५ मध्येच संपलेल्या पहिल्या पिढीत हा विशिष्ट दोष नव्हता. ‘जुने ते असुरक्षित’ हे सरसकट विधान या ठिकाणी अडखळते. अर्थात पहिल्या पिढीत इतर दोष होते आणि ते दुरुस्त करणारे कोणी नव्हते, हेही तितकेच खरे. त्या आठवड्यांत संस्थांची दमछाक दुरुस्तीपेक्षा शोधण्यात अधिक झाली. हा घटक इतर सॉफ्टवेअरच्या पोटात दडलेला असल्यामुळे यंत्रगणनेच्या नेहमीच्या यादीत तो स्वतंत्रपणे दिसतच नव्हता.

अपाचे प्रतिष्ठानच्या स्वयंसेवकांनी त्या वेळी जे केले ते या विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहे. त्यांनी दुरुस्ती केवळ नव्या २.१७ मध्ये दिली नाही. जावा ७ वर अडकलेल्यांसाठी २.१२ ची आणि जावा ६ वर अडकलेल्यांसाठी २.३ ची शाखा पुन्हा उघडून त्यांतही दिली. जीएलपीआयच्या दोषाबाबतही तसेच घडले होते : १०.०.३ सोबत ९.५.९ ही आवृत्ती निघाली. जुनी आवृत्ती दोन प्रकारची असते, असे यावरून म्हणता येईल. एक, जिच्याकडे अजून कोणी लक्ष देते. दुसरी, जी कोणाच्या तरी पेनड्राइव्हवर गोठलेली असते. क्रमांक पाहून हा फरक कळत नाही. बसवणाऱ्याने तो शोधावा लागतो आणि नोंदवहीत आवृत्तीच्या क्रमांकाशेजारी लिहावा लागतो. त्यासाठी आपल्या प्रचलित नमुन्यांत रकाना नाही.

जावा ६ ची सार्वजनिक सुधारणा ओरॅकलने फेब्रुवारी २०१३ मध्ये थांबवली होती. तिच्यावर चालणाऱ्या घटकाची दुरुस्ती त्यानंतर जवळपास नऊ वर्षांनी, डिसेंबर २०२१ च्या अखेरीस आली. ती ज्यांच्यासाठी होती, त्यांपैकी ज्यांच्या यादीत ते जुने यंत्र अजून होते, त्यांनाच ती कोठे बसवायची हे ठाऊक होते.